ओढ्याकाठची सावली कोणाच्या मालकीची?

कर्जत तालुक्याच्या पाण्याकडे शासनाचे आणि भांडवलाचे लक्ष पुन्हा एकदा वळले आहे. ऑगस्ट 2023 मध्ये टाटा पॉवर कंपनीने राज्य शासनाशी सामंजस्य करार केला आणि भिवपुरी येथे 1000 मेगावॅटचा व पुणे जिल्ह्यात शिरवटा येथे 1800 मेगावॅटचा असे दोन उदंचन जलविद्युत प्रकल्प उभारण्याचे जाहीर केले. 2025 साली राज्य मंत्रिमंडळाने याच तालुक्यातील पोशीर आणि शिलार या दोन धरण प्रकल्पांना मान्यता दिली. त्यांचा एकत्रित अंदाजित खर्च अकरा हजार कोटी रुपयांच्या वर जातो. महानगर प्रदेशातील वाढत्या शहरांची तहान भागविणे हा त्यांचा मुख्य हेतू आहे. शहरांना पाणी हवे आणि वीजही हवी, याविषयी वाद घालण्याचे आम्हांस प्रयोजन दिसत नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. ज्या नद्यांच्या भरवशावर हे आकडे मांडले जातात, त्या नद्यांना जिवंत ठेवणारी काठावरची झाडे कोणत्या हिशेबात धरली आहेत? घनफूट, मेगावॅट आणि कोटी यांच्या तक्त्यात करंज, उंबर आणि जांभूळ यांच्यासाठी रकाना नाही. ज्या वस्तूला रकाना नाही ती फुकट आहे, असे मानण्याची सवय आपल्या नियोजनाला फार दिवसांपासून जडली आहे.

हा विषय पक्षाच्या साप्ताहिकात कशासाठी, असे काही साथी विचारतील. महागाई, बेकारी, जमिनीचे प्रश्न, कंत्राटी कामगारांची पिळवणूक हे सारे पुढ्यात असताना ओढ्याच्या सावलीची आणि त्यातल्या माशांची चर्चा ही फुरसतीच्या लोकांची चैन नव्हे काय? या शंकेचे उत्तर आधी दिले पाहिजे. आणि ते देण्यासाठी सावलीचे नदीत नेमके काम काय, हे प्रथम समजून घेतले पाहिजे.

कर्जत आणि खालापूर हे सह्याद्रीच्या पायथ्याचे तालुके. येथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, परंतु तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडून जातो. पुढचे आठ महिने ओढे आणि नद्या झिरपणाऱ्या पाण्यावर जगतात. मार्च उजाडला की लहान ओढ्यांचा प्रवाह तुटतो आणि मागे राहतात ते डोह. एप्रिल-मे महिन्यांत हवेचा पारा चाळीस अंशांच्या आसपास जातो. अशा वेळी काळ्या कातळावरचे वीतभर, हातभर पाणी उघड्या उन्हात पडले तर ते किती तापेल, याची कल्पना अनवाणी पायांनी कातळ तुडविणाऱ्या कोणालाही सहज येईल. मोठी नदी सावकाश तापते, लहान ओढा मात्र तासाभरात तापतो. म्हणून सावलीची सर्वांत अधिक गरज आहे ती डोंगरातल्या लहान ओढ्यांना. आणि नकाशावर ज्यांना नावही नसते असे हेच ओढे सर्वांत आधी बोडके केले जातात.

पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. 20 अंश सेल्सियसला एक लिटर पाणी सुमारे 9.1 मिलिग्रॅम प्राणवायू धरून ठेवू शकते. 30 अंशांना तेच प्रमाण सुमारे 7.6 वर येते. दुसरीकडे, पाणी जसजसे तापते तसतशी माशाच्या शरीराची प्राणवायूची मागणी वाढत जाते. म्हणजे पुरवठा घटतो आणि गरज वाढते. यावर तिसरे संकट असे की, उघड्या उन्हातल्या डोहात शेवाळ माजते. ते दिवसा प्राणवायू सोडते खरे, परंतु रात्री स्वतःच तो वापरू लागते. पहाटे डोहातले मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकताना दिसतात, त्यामागे पुष्कळदा हे कारण असते. काठावर झाडी असेल तर ऊन अडते, मुळे काठ धरून ठेवतात, पालापाचोळ्यावर किडे पोसले जातात आणि त्या किड्यांवर मासे. उंबराची फळे पाण्यात पडतात आणि महाशिरासारखे मासे ती खातात. नदीचे पाणी आणि काठावरचे रान या दोन निराळ्या वस्तू नाहीत. महसुलाच्या कागदांनी त्यांची वाटणी केली आहे, निसर्गाने केलेली नाही.

येथील माशांची ओळख आपल्या पुस्तकी शिक्षणात नाही. परंतु विज्ञानाने त्यांची नावे आपल्याच लोकांकडून घेतली आहेत. कंपनी सरकारच्या काळात लेफ्टनंट कर्नल साइक्स या अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांची नोंद केली आणि 1839 साली त्यांची शास्त्रीय नावे प्रसिद्ध झाली. त्याने कित्येक नावे मराठी बोलीतूनच उचलली. कातळाला हनुवटीखालच्या चकतीने चिकटून राहणाऱ्या मळ्याचे शास्त्रीय नाव आजही ‘गारा मुल्या’ असे आहे. दख्खनी महाशिराचे ‘टोर खुद्री’ हे नावही साइक्सनेच दिले. ज्या भोयांनी आणि कोळ्यांनी ही नावे पिढ्यान्‌पिढ्या जपली, त्यांची नावे मात्र कोणत्याही ग्रंथात नाहीत. ज्ञान श्रमिकांचे आणि श्रेय दुसऱ्याचे, ही रीत तेव्हाही नवी नव्हती.

आता फुरसतीच्या चैनीचा आक्षेप घेऊ. कर्जत-खालापुरात ओढ्यातला मासा कोण खातो? शहरातून आलेला पाहुणा पापलेट मागतो. 2023 साली राज्य शासनाने पापलेटलाच राज्यमाशाचा मान दिला. ओढ्यातला मळ्या, मुऱ्या, वाम, मरळ आणि खेकडा खातो तो कातकरी आणि ठाकूर. कातकरी ही शासनाच्या यादीत विशेष असुरक्षित म्हणून नोंदलेली जमात आहे. पूर्वी खैरापासून कात पाडणे हा तिचा धंदा होता. जंगल सरकारजमा झाले तसा तो गेला. मग कोळशाच्या भट्ट्या आल्या, त्याही गेल्या, आणि आता वर्षातले सहा-सात महिने वीटभट्टीवर उचल घेऊन राबणे तिच्या नशिबी आले. या जमातीच्या मुलांच्या ताटात जो काही सकस घास पडतो, त्यात ओढ्यातल्या माशाचा आणि खेकड्याचा वाटा मोठा असतो. त्याला रेशनकार्ड लागत नाही, उचल लागत नाही आणि ठेकेदाराचे तोंड पाहावे लागत नाही. पावसाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर वलगणीचे मासे अंडी घालण्यासाठी शेतांकडे आणि ओढ्यांच्या वरच्या अंगाला चढतात, तेव्हा लहान शेतकऱ्याच्याही घरी त्यांचा वास दरवळतो. परंतु उन्हाळ्याच्या डोहात मासा तगला तरच जूनमध्ये तो वलगणीला चढेल. मे महिन्यात डोह तापून मासा मेला की पुढच्या वर्षीचे बीजच संपले. तेव्हा ओढ्याची सावली म्हणजे गरिबाची कोठी आहे. तिची चर्चा ही चैन नव्हे. भाकरीच्या प्रश्नाचाच तो एक भाग आहे.

ही सावली कोण हिरावून घेत आहे? वाडीवरची बाई सरपणाची मोळी नेते म्हणून जंगल संपले, असे सांगण्याची वरिष्ठ वर्गाची जुनी खोड आहे. इतिहास निराळे सांगतो. 1856 साली लोहमार्ग खोपोलीपर्यंत आला आणि 1863 साली बोरघाटाची चढण रेल्वेने पार केली. स्लीपर, इमारती लाकूड आणि कोळसा यांची मोठी बाजारपेठ जंगलाच्या दाराशी येऊन उभी राहिली. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात 1883 सालीच जंगलखात्याच्या कारभारावर कोरडे ओढले आणि डोंगरावरचे पाणी व माती अडविण्याचे उपाय सांगितले. आजची तोड निराळ्या स्वरूपाची आहे. आज झाड लाकडासाठी जात नाही, ‘व्ह्यू’साठी जाते. नदीकाठचा तुकडा विकत घ्यायचा, काठावरची झाडी साफ करायची, हिरवळ लावायची, पात्राच्या कडेपर्यंत कुंपणाची भिंत नेऊन घाट बांधायचा आणि त्याला ‘रिव्हर टच’ असे नाव देऊन विकायचे, हा आता उद्योग झाला आहे. वीटभट्ट्यांसाठी काठाची माती जाते, बांधकामासाठी पात्रातली वाळू जाते. कागदावर प्रत्येक तुकडा लहान असतो. परंतु ओढ्याची सावली ही साखळीसारखी आहे. वरच्या अंगाला अर्धा मैल झाडी तुटली तर तापलेले पाणी खालच्या राखलेल्या झाडीतही वाहत येते.

पेज नदीचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. घाटमाथ्यावरच्या आंद्रा नदीचे पाणी मुळात इंद्रायणीला, भीमेला आणि पुढे पूर्वेच्या समुद्राला जाणारे. ठोकळवाडीच्या धरणाने ते अडविले आणि 1922 साली भिवपुरीचे वीजगृह सुरू झाले तेव्हापासून ते डोंगर उतरून पश्चिमेला येऊ लागले. वीज निर्माण करून झाल्यावर हे पाणी पेजमधून उल्हास नदीला मिळते. म्हणून आजूबाजूचे ओढे आटले तरी पेज उन्हाळ्यात वाहते आणि बदलापूर, अंबरनाथपासून कल्याणपर्यंतच्या वस्त्यांना उल्हासचे पाणी मिळते. आता हिशेब पाहा. धरणासाठी मावळच्या शेतकऱ्यांच्या जमिनी बुडाल्या. पाणी सार्वजनिक मालकीचे. ते बारमाही झाले म्हणून काठच्या जमिनीचा भाव चढला. हा चढलेला भाव कोणाच्या श्रमाचा? ज्याने तुकडा घेतला त्याने तर नदीत ओंजळभरही पाणी ओतले नाही. अर्थशास्त्रात याला अनर्जित लाभ म्हणतात. समाजाने निर्माण केलेले मूल्य खाजगी खिशात जाते आणि काठावरची झाडी तुटल्याने होणारा तोटा खालच्या वाडीच्या, खालच्या गावाच्या माथी मारला जातो. लाभाचे खाजगीकरण आणि तोट्याचे सामाजिकीकरण, एवढ्या शब्दांत हा सारा व्यवहार सांगता येईल.

काठाची झाडी राखल्याने पाणी खरोखर थंड राहते काय, असा प्रश्न कोणी प्रामाणिकपणे विचारील. त्याचे उत्तर प्रयोगाने मिळालेले आहे. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात आल्सी नदीच्या खोऱ्यात 1959 ते 1973 या काळात शेजारशेजारच्या लहान ओढ्यांवर अभ्यास झाला. 1966 साली नीडल ब्रँच या ओढ्याचे सारे पाणलोट क्षेत्र पात्रापर्यंत तोडण्यात आले. पुढच्या उन्हाळ्यात त्या ओढ्याचे कमाल तापमान 14 अंश सेल्सियसवरून 29 अंशांच्या वर गेले. शेजारच्या ओढ्यावर तोड झाली, परंतु काठावर झाडांचा पट्टा राखला होता. तेथे तापमानात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. तोड दोन्हीकडे झाली. फरक केवळ काठच्या पट्ट्याचा होता. या अनुभवातून ऑरेगनने 1971 साली कायदा करून ओढ्याकाठी झाडी राखणे तोडणाऱ्यांवर बंधनकारक केले. तेथील मासे निराळे, हवा निराळी, हे खरे. परंतु सूर्य तोच आहे आणि पाणी तापण्याचा नियमही तोच आहे. आपल्याकडे तर मूळचीच हवा अधिक उष्ण. तेव्हा आपल्या माशांना शेवटच्या दोन-चार अंशांची मोकळीक तेवढी शिल्लक असते.

नदी राखण्याऐवजी मासे कारखान्यात निर्माण करून सोडावेत, असाही एक मार्ग सुचविला जातो. त्याचाही अनुभव आपल्या शेजारीच आहे. लोणावळ्याच्या वळवण तलावाजवळ टाटांच्या वीज कंपन्यांनी 1970 च्या दशकापासून महाशिराची कृत्रिम पैदास केली आणि लक्षावधी पिले निरनिराळ्या राज्यांतील जलाशयांत व नद्यांत सोडली गेली. या कामातील शास्त्रीय कौशल्य कमी लेखण्याचे कारण नाही. 2020 साली दख्खनी महाशीर आंतरराष्ट्रीय यादीतील धोक्याच्या वर्गांतून बाहेर आल्याचे जाहीर झाले, तेव्हा या कामाचा गौरवही झाला. परंतु नाण्याला दुसरी बाजू आहे. हाच दख्खनी महाशीर कावेरीत सोडला गेला, तेथे तो फोफावला, आणि कावेरीचा स्वतःचा कुबड्या महाशीर आज अत्यंत संकटग्रस्त ठरला आहे. एका नदीचा मासा दुसऱ्या नदीत नेऊन सोडणे म्हणजे नदीचे रक्षण नव्हे. शिवाय मळ्याची आणि मुऱ्याची पैदास कोण करणार? त्यांच्यावर गळ टाकण्यासाठी परदेशातून शिकारी येत नाहीत आणि त्यांच्या छायाचित्राने कंपनीचा वार्षिक अहवाल शोभत नाही. डोह थंड ठेवला तर सगळे मासे विनाखर्च जगतात. हौदात पैदास केली तर एक जात जगते, आणि तीही मालकाच्या मर्जीने.

कायदे नाहीत असे नाही. महाराष्ट्र शासनाने 2000 साली नदी नियमन क्षेत्राचे धोरण आखले होते. नदीपासून ठराविक अंतरात कोणते उद्योग येऊ शकतील आणि कोणते नाहीत, याचे बंधन त्यात होते. ते धोरण काठच्या झाडीसाठी नव्हते, मुख्यतः प्रदूषणासाठी होते. तरीही नदीच्या काठावर समाजाचा काही अधिकार चालतो, हे तत्त्व त्यात मान्य झाले होते. फेब्रुवारी 2015 मध्ये उद्योगांना अडथळा होतो या कारणाने ते सरसकट रद्द करण्यात आले. त्यातील दोष काढून ते सुधारता आले असते. परंतु बंधन सुधारण्यापेक्षा बंधन काढणे नेहमीच सोपे असते. पश्चिम घाटाची कथा याहून निराळी नाही. डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 2011 साली अहवाल दिला. गावसभांना विचारून निर्णय घ्यावेत, हा त्याचा गाभा होता. तो बाजूस सारून 2013 साली दुसऱ्या समितीचा सौम्य अहवाल आला. त्यावर 2014 पासून अधिसूचनांचे मसुदे निघत राहिले; सहावा मसुदा जुलै 2024 अखेरीस निघाला. मसुदे निघत असतात आणि दरम्यान काठ विकले जात असतात.

येथे पक्षाच्या कार्यकर्त्यांनी एका धोक्याविषयी सावध राहिले पाहिजे. ‘नदीकाठचे जंगल वाचवा’ अशी मागणी आपण केली आणि शासनाने ती ऐकली, तर ते पहिली काठी कोणावर उगारील? नदीला टेकून भिंत बांधणाऱ्यावर नव्हे, तर डोहात भोकशी लावणाऱ्या कातकऱ्यावर. 1927 च्या भारतीय वन कायद्यात राखीव जंगलातील गुन्ह्यांच्या यादीत, नियमांविरुद्ध मासे धरणे आणि पाण्यात विष कालविणे हे एकाच ओळीत येतात. ज्या कायद्याला पोट भरणारा आणि नदी मारणारा यांच्यात फरक दिसत नाही, त्याच्या हाती ओढ्याची सावली सोपविणे आम्हांस मान्य नाही. रायगड जिल्हा जंगल सत्याग्रहाचा आहे. 25 सप्टेंबर 1930 रोजी उरणजवळच्या चिरनेर येथे जंगलाच्या हक्कासाठी निघालेल्या शेतकऱ्यांवर आणि आदिवासींवर गोळीबार झाला. त्या हुतात्म्यांच्या जिल्ह्यात जंगलरक्षणाच्या नावाने आदिवासींना ओढ्यापासून हुसकणे ही त्या स्मृतीची विटंबना ठरेल.

मार्ग आहे, आणि तो कायद्यातच आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्कांत मासे आणि पाण्यातील इतर उत्पन्न यांचा स्पष्ट समावेश केला. त्याच कायद्याने सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेला दिला आणि पाणलोट क्षेत्रे व जलस्रोत राखण्याचा अधिकारही दिला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाने 2009 साली असा सामूहिक हक्क मिळवून दाखविला. रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही. त्यामुळे 1996 च्या पेसा कायद्याचे संरक्षण येथील वाड्यांना नाही. म्हणूनच वनहक्क कायद्याचे महत्त्व येथे दुप्पट आहे. भिवपुरी परिसरातील प्रत्येक ठाकूरवाडीने आणि कातकरवाडीने आपल्या वापरातले ओढे, डोह आणि त्यांच्या काठची झाडी सामूहिक दाव्यात नावानिशी लिहिली पाहिजे. वैयक्तिक दाव्यात एक-दोन एकर जमीन मिळेल. ओढा मात्र सामूहिक दाव्यातच मिळेल. दाव्याचा अर्ज भरताना हा रकाना रिकामा राहणार नाही, एवढे पाहणे हे आपल्या कार्यकर्त्याचे काम आहे.

जेथे काठ खाजगी मालकीचा आहे तेथे काय करावे? सरसकट नियम हा वरकरणी समतेचा, पण परिणामी विषमतेचा असतो. अर्ध्या एकराचा धनी असलेल्या शेतकऱ्याला काठापासून तीस मीटर सोड म्हटले तर त्याची शेतीच संपेल. वीस एकरांच्या फार्महाउसवाल्याचे काहीच जाणार नाही. ब्राझीलच्या वन कायद्यात दहा मीटरपर्यंत रुंद ओढ्याच्या दोन्ही काठांवर तीस मीटर झाडी राखण्याचा नियम आहे. परंतु 2012 साली त्यात बदल झाला, तेव्हा आधीच साफ झालेले काठ पुन्हा लावण्याच्या बाबतीत धारणेच्या आकाराप्रमाणे पायऱ्या ठरविल्या गेल्या. अगदी लहान धारकाला पाच मीटर, त्याहून मोठ्याला आठ, मग पंधरा, आणि मोठ्या मालकांना त्याहून अधिक. त्या बदलांत मोठ्या जमीनदारांनाही पुष्कळ सवलती दिल्या गेल्या, आणि त्यावर योग्य टीका झाली. पण पायऱ्यांचे तत्त्व घेण्यासारखे आहे. 1961 च्या कमाल जमीनधारणा कायद्यामागे जी न्यायबुद्धी होती तीच येथे लागू पडते: ज्याच्याकडे अधिक आहे त्याने अधिक सोडावे. लहान शेतकऱ्याने पाच मीटरच्या पट्ट्यात करंज, जांभूळ, उंबर, वाळुंज किंवा बांबू लावला तर त्याचा काठही वाहून जाणार नाही आणि त्याला उत्पन्नही मिळेल. ज्या ताम्हणाचे फूल आपले राज्यफूल आहे, ते ताम्हण ओढ्याकाठचेच झाड. ते सरकारी कार्यालयांच्या आवारात लावण्याचे समारंभ होतात. त्याच्या घरी ते राखण्याचा समारंभ अजून झालेला नाही.

या साऱ्यासाठी पैसा कोठून येणार? ज्याला लाभ मिळतो त्याच्याकडून. हिमाचल प्रदेशातील पालमपूर नगरपरिषदेने 2010 साली आपल्या पाण्याचा झरा जेथे उगम पावतो त्या बोहल परिसरातील जंगल राखणाऱ्या ग्रामवन समितीशी करार केला आणि तिला वार्षिक मोबदला देण्याचे मान्य केले. एक लहान नगरपरिषद हे करू शकते. मग खालापूर तालुक्यातील मोरबे धरण ज्यांच्या मालकीचे आहे ती नवी मुंबई महानगरपालिका, उल्हासच्या पाण्यावर उभ्या असलेल्या नगरपालिका आणि पाण्यावर वीज करणारी कंपनी हे का करू शकणार नाहीत? पाणीपट्टीतला ठराविक अंश वरच्या अंगाच्या ग्रामसभांच्या खात्यात थेट जमा व्हावा. ही भीक नव्हे, देणगीही नव्हे. ती मजुरी आहे. काठ राखणे हे काम आहे, आणि कामाला दाम मिळाला पाहिजे. ज्या महाराष्ट्राने 1977 साली रोजगार हमीचा कायदा केला, त्या महाराष्ट्राला हे तत्त्व नव्याने शिकविण्याची गरज नसावी.

नव्या प्रकल्पांच्या संदर्भात आणखी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. धरणात एक ओढा बुडाला आणि त्याच्या बदल्यात दुसऱ्या जिल्ह्यात तेवढीच झाडे लावली, की हिशेब पुरा झाला असे शासन मानते. परंतु सावली स्थलांतरित होत नाही. कर्जतच्या ओढ्यावरची झाडी गेली आणि भरपाईची रोपे दूरच्या माळावर लागली, तर कर्जतच्या माशाला त्याचा उपयोग शून्य. म्हणून ओढाकाठच्या झाडीची भरपाई त्याच नदीच्या, त्याच खोऱ्यातील उघड्या काठांवरच झाली पाहिजे, अशी आमची मागणी आहे. उदंचन प्रकल्पात तेच पाणी खाली सोडून पुन्हा वर चढविले जाणार. मग पेज नदीत कोणत्या महिन्यात किती पाणी सोडले जाईल, याचे लेखी वेळापत्रक काम सुरू होण्यापूर्वी गावसभांपुढे ठेवले गेले पाहिजे. शंभर वर्षांपूर्वी या डोंगरातल्या माणसांना न विचारता पाण्याची दिशा बदलली गेली. पुन्हा एकदा न विचारता ती बदलू देणे हा लोकशाहीचा पराभव ठरेल.

डॉ. राममनोहर लोहियांनी नद्यांच्या स्वच्छतेचा प्रश्न राजकारणाच्या व्यासपीठावर आणला, तेव्हा त्यांच्यावर हसणारे होते. मृणालताई गोरे यांनी नळाच्या पाण्यासाठी हंडा मोर्चे काढले, तेव्हाही हा बायकांचा प्रश्न म्हणून तो टाळणारे होते. समाजवादी चळवळीचे बळ अशाच लहान दिसणाऱ्या प्रश्नांतून उभे राहिले. म्हणून आम्ही कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील कार्यकर्त्यांपुढे एक साधा कार्यक्रम ठेवतो. येत्या एप्रिलमध्ये प्रत्येक शाखेने आपल्या भागातील दोन डोह निवडावेत, एक झाडीखालचा आणि एक उघडा. साध्या तापमापकाने रोज दुपारी तीन वाजता दोन्हींचे तापमान घेऊन वहीत लिहावे. वाडीवरच्या शाळकरी मुलामुलींना या कामात घ्यावे. मासा कोणत्या डोहात टिकला हे त्यांच्याइतके कोणी सांगू शकणार नाही. विरंजक चूर्ण आणि सुरुंग टाकून मासे मारण्याविरुद्ध वाडीवरच बैठका घ्याव्यात. हे काम बाहेरच्याने सांगून होत नाही, आणि आपल्याच माणसांच्या चुकीवर पांघरूण घालूनही होत नाही. जेथे भिंत पात्रात आली आहे तेथे सातबारा आणि नकाशा काढून तहसीलदारापुढे अर्ज द्यावा. आणि मे अखेरीस या साऱ्या नोंदी घेऊन ग्रामसभेत ठराव करावा, की आमच्या हद्दीतील ओढ्यांची सावली ही गावाची सामाईक मालमत्ता आहे.

एका ठरावाने नदी थंड होणार नाही. परंतु सावली ही कोणाची तरी आहे, तिचा हिशेब ठेवणारे कोणी तरी आहे, हे एकदा कागदावर आले की पुढच्या तोडीला उत्तर द्यावे लागते. आज ते कोणालाच द्यावे लागत नाही. धरणांची कामे सुरू होण्यापूर्वीचे हे एक-दोन उन्हाळे आपल्या हाती आहेत. ते वाया जाऊ देऊ नयेत, एवढीच आमची सर्व साथींना विनंती आहे.